छापा, देह आणि नकार

दादासाहेब फाळके यांच्या 'राजा हरिश्चंद्र' या चित्रपटाच्या आज उपलब्ध असलेल्या रिळांत जलक्रीडेचा एक प्रसंग आहे. राजवाड्यातील हौदात तारामती आणि तिच्या सख्या उतरलेल्या आहेत, भिजलेली पातळे अंगाला चिकटलेली आहेत, आणि राणीला बोलावण्यासाठी राजा तेथे येतो. पदव्युत्तर वर्गात हा प्रसंग दाखवला की पहिली प्रतिक्रिया जवळजवळ ठरलेली असते. विद्यार्थी हसतात. हौदातील सर्व 'स्त्रिया' पुरुष आहेत. ओल्या वस्त्राखालून जाणवतात ते पुरुषांचे खांदे आणि पुरुषांचे दंड. हसू ओसरल्यावर वर्गात थोडी शांतता पसरते, कारण दृश्य तेथेच असते आणि त्याचा शृंगारिक हेतूही तेवढाच स्पष्ट असतो. मराठी माणसाने घडवलेल्या पहिल्या पूर्ण लांबीच्या कथापटातील पहिले शृंगारचित्र स्त्रीदेहाचे आहे. पण त्यात स्त्री नाही.

ही रिळे १९१३ची की १९१७मध्ये नव्याने चित्रित केलेल्या प्रतीची, याविषयी अभ्यासकांत वाद आहे. प्रस्तुत विवेचनाला त्या वादाने बाध येत नाही. येथे प्रश्न आहे तो वेगळाच. देहाच्या शृंगारिक प्रतिमेविषयी मराठीत जी चर्चा झाली ती मुख्यत्वे श्लील-अश्लीलाच्या अंगाने झाली. लेखकाचा हेतू, वाचकाची अभिरुची, कायद्याचे कलम, समाजाची धारणा हे तिचे चार कोपरे. प्रतिमा ज्या पृष्ठावर उमटते ते पृष्ठ, ते घडवणारे रसायन, तिच्या किती प्रती निघतात आणि त्या कोणाच्या हाती पडतात, हे प्रश्न तंत्रज्ञांचे म्हणून समीक्षेच्या उंबरठ्याबाहेरच राहिले. फाळक्यांचे उदाहरण महत्त्वाचे ठरते ते यासाठी, की हा मनुष्य चित्रपटकार होण्यापूर्वी अनेक वर्षे छापखान्याचा मनुष्य होता.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वरी झाला. १८८५मध्ये ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. पुढे बडोद्याच्या कलाभवनात प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांच्या सान्निध्यात छायाचित्रण आणि मुद्रणाच्या प्रक्रिया त्यांनी आत्मसात केल्या, रतलामला जाऊन तिरंगी ठसे करण्याचे शिक्षण घेतले, गोध्र्याला छायाचित्राचा स्टुडिओ काढला, काही काळ पुरातत्त्व खात्यात नोकरी केली, आणि नोकरी सोडल्यावर लोणावळ्यास स्वतःचा छापखाना थाटला. मुंबईत सुरू होऊन पुढे लोणावळ्याजवळच मळवलीला हललेल्या रविवर्मा छापखान्यासाठी ते फोटोलिथोचे काम करून देत. १९०९मध्ये रंगीत छपाईची यंत्रे आणण्यासाठी ते जर्मनीला गेले. म्हणजे ज्या हातांनी 'राजा हरिश्चंद्र' घडवला, त्या हातांना कॅमेऱ्याइतकीच सरसाची, आम्लाची आणि शिळेची सवय होती.

आज ज्यांना 'वैकल्पिक' अथवा 'ऐतिहासिक' मुद्रणप्रक्रिया म्हणतात, त्यांपैकी अनेकींच्या मुळाशी एकच रासायनिक तथ्य आहे. पोटॅशियम डायक्रोमेट हे क्षार प्रकाशाला संवेदनशील आहे, हे १८३९मध्ये मंगो पाँटन याने दाखवून दिले. हे क्षार जिलेटिनमध्ये, अंड्याच्या पांढऱ्या बलकात किंवा डिंकात मिसळले, तर जेथे प्रकाश पडतो तेथे तो थर कठीण होतो. जेथे प्रकाश पोचत नाही तेथे तो मऊ राहतो आणि पाण्याने धुतला जातो. १८५५मध्ये अल्फोन्स प्वातव्हॅं याने या गुणधर्मावर मुद्रणाच्या पद्धती उभारल्या. डिंकात जलरंग मिसळून कागदावर थर दिला की 'गम प्रिंट' होते, काचेवरच्या जिलेटिनला तेलकट शाई लावली की 'कोलोटाइप' होते, तोच ठसा शिळेवर उतरवला की 'फोटोलिथो' होते. प्रकाशाने कठीण झालेला थर टिकतो, मऊ राहिलेला वाहून जातो. प्रतिमा म्हणजे या दोहोंमधील सीमारेषा.

या एकाच रसायनाचे दोन प्रवास झाले, आणि ते जवळजवळ समकालीन होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात पॅरिसमध्ये रॉबेर दमाशी आणि त्याच्यासारखे छायाचित्रकार गम प्रक्रियेकडे वळले. छायाचित्र ही कला नव्हे, ते यंत्राचे काम आहे, या आक्षेपाला त्यांना उत्तर द्यायचे होते. ओल्या थरावर कुंचला फिरवता येतो, नको तो तपशील धुऊन टाकता येतो, उरलेल्या आकृतीला खडूच्या रेखाटनाचा पोत देता येतो. नग्न स्त्रीदेह हा त्यांच्या आवडीचा विषय होता, हा योगायोग नव्हे. नग्नतेचे छायाचित्र बाजारात चोरून विकले जाई, नग्नतेचे चित्र मात्र प्रदर्शनात मांडले जाई. छायाचित्राला चित्राचे पृष्ठ मिळाले की त्याला चित्राची प्रतिष्ठाही मिळे. पुढे १९५६मध्ये केनेथ क्लार्क याने 'उघडा' देह आणि कलेचा 'नग्न' देह यांत जो भेद मांडला, तो भेद या मंडळींनी अर्धशतकापूर्वीच डिंकाने आणि कुंचल्याने साधला होता.

दुसरा प्रवास आपल्याकडचा. मळवली-लोणावळ्याच्या परिसरात तेच डायक्रोमेट देवदेवतांच्या तसबिरी छापण्याच्या कामी आले. तेथे हेतू एक दुर्मिळ प्रत घडवण्याचा नव्हता, हजारो प्रती काढण्याचा होता. रविवर्म्याच्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरी देव्हाऱ्यात गेल्या, आणि त्याच वाटेने झोपाळ्यावर बसलेली मोहिनी आणि विश्वामित्राचा तपोभंग करणारी मेनकाही गेल्या. पुराणाचे नाव मिळाल्यावर पदराची चुणी आणि उघडी पाठ दिवाणखान्यातल्या भिंतीवर निर्वेधपणे टांगता येई. दमाशीने देहाला कुंचल्याच्या खुणांनी झाकले, तसबिरीने देहाला पुराणकथेने झाकले. एकीकडे प्रक्रिया हे आवरण होते, दुसरीकडे कथा. आवरणाची गरज मात्र दोघांनाही सारखीच होती.

संस्कृत साहित्यशास्त्राला हा पेच अपरिचित नाही. 'ध्वन्यालोका'च्या तिसऱ्या उद्द्योतात आनंदवर्धन 'कुमारसंभवा'तील शिवपार्वतींच्या संभोगवर्णनाचा विचार करतो. देवतांचा असा शृंगार वर्णिणे अनुचित आहे हे तो मान्य करतो, आणि तरीही महाकवीच्या 'शक्ती'मुळे तो दोष झाकला जातो, असे म्हणतो. दोष नाहीसा होतो असे त्याचे म्हणणे नाही. तो झाकला जातो, म्हणजे प्रतीतीस येत नाही. गेल्या काही दशकांत जगभर प्लॅटिनम, गम, सायनोटाइप, ओली कोलोडियन काच या प्रक्रियांचे जे पुनरुज्जीवन झाले, त्यात देहाच्या शृंगारिक छायाचित्राला मिळालेले स्थान याच न्यायाने समजून घेता येते. हाताने थर दिलेला कागद, उन्हात ठेवलेली चौकट, एकेका प्रतीला लागणारा दिवस हे सारे त्या प्रतिमेला संथपणा देते. चटकन भोगून टाकण्याच्या नजरेला हा संथपणा अडवतो. हे समर्थन पोकळ नाही. कागदाच्या तंतूंत मुरलेल्या प्लॅटिनमच्या करड्या छटांतून त्वचेचा जो प्रत्यय येतो, तो गुळगुळीत चकचकीत पृष्ठावर येत नाही, हे कोणत्याही सहृदय प्रेक्षकाला मान्य व्हावे.

तथापि या समर्थनात एक छिद्र आहे. त्यात घडवणारा आहे, पाहणारा आहे, आणि त्या दोघांमधला कागद आहे. जिचा देह कागदावर उमटला, तिला या व्यवहारात कोठे जागा आहे, हे त्यात सांगितलेले नाही. आनंदवर्धनाचा दाखला येथे पुरा पडत नाही, कारण कालिदासाची पार्वती ही शब्दांत निर्माण झालेली आहे. छायाचित्रातील देहाच्या पाठीशी मात्र एक जिवंत व्यक्ती उभी असते. ती कॅमेऱ्यासमोर काही क्षण होती, आणि प्रकाश तिच्या त्वचेवरून परतून काचेवर पडला, एवढ्यामुळेच ते छायाचित्र आहे. शब्दाच्या बाबतीत साधारणीकरण ही रसाची अट होय. छायाचित्रात मात्र कितीही साधारणीकरण झाले तरी त्या एका व्यक्तीचा अवशेष मागे उरतोच.

या उरलेल्या व्यक्तीचा विचार करताना फाळक्यांच्या चरित्रातील एक सुपरिचित हकिकत पुन्हा वाचावी लागते. तारामतीच्या भूमिकेसाठी त्यांनी स्त्रीचा शोध घेतला. जाहिरात दिली. कुलीन स्त्रिया येणार नाहीत हे गृहीतच होते. अखेर ते वेश्यावस्तीतही गेले, आणि तेथूनही नकारच आला. शेवटी मुंबईच्या एका खाणावळीत काम करणारा साळुंके नावाचा तरुण त्यांना सापडला. दहा रुपये पगाराची नोकरी सोडून पंधरा रुपयांवर तो तारामती झाला. इतर पुरुष मिशा काढायला तयार होईनात, कारण पिता वारल्याशिवाय मिशी उतरवायची नाही असा रिवाज. ही हकिकत नेहमी विनोदाने सांगितली जाते. परेश मोकाशी यांच्या २००९च्या 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' या चित्रपटानेही तिच्यातील गंमत मोठ्या मायेने खुलवली. तिचा रोख नेहमी एकच असतो: समाज किती मागासलेला होता, आणि फाळके किती पुढे होते.

परंतु या कथनात वस्तीतील त्या स्त्रियांना केवळ अडथळ्याचे स्थान आहे. त्यांनी नकार का दिला, हा प्रश्न विचारलाच जात नाही. ज्यांचा देह पैशाच्या मोबदल्यात मिळतो असे समाज धरून चालला होता, त्यांनी पैशाच्या मोबदल्यात देहाची प्रतिमा द्यायला नकार दिला, हा विरोधाभास वरवरचा नाही. बैठकीतील नाच हा त्या रात्रीचा असतो. गाणे संपले की ते गाणारणीच्या गळ्यात परत जाते. ती उद्या गाईल किंवा गाणार नाही, ते तिच्या हाती असते. छापा मात्र एकदा निघाला की त्याच्या प्रती ती थांबवू शकत नाही. तो कोणत्या गावी, कोणत्या तंबूत, कोणापुढे उलगडेल, हे तिला कळणारही नाही. फाळक्यांच्या हाताला जी गोष्ट सर्वांत सहज साधत होती, एकाचे अनेक करण्याची, तीच त्या स्त्रियांना सर्वांत परकी आणि धोक्याची वाटली असावी. त्यांची साक्ष कोणी नोंदवून ठेवली नाही, म्हणून हे अनुमानच आहे. पण मागासलेपणाच्या अनुमानापेक्षा ते अधिक न्याय्य आहे.

पुढच्याच 'मोहिनी भस्मासुर' या चित्रपटात दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई या मायलेकी कॅमेऱ्यासमोर आल्या. तोवर फाळक्यांनी आपला मुक्काम नाशिकला हलवला होता. दुर्गाबाई नाटकमंडळीतल्या. प्रतिष्ठित समाजाने त्यांच्यावर जो शिक्का मारायचा तो आधीच मारून झालेला होता. येथे एक चमत्कारिक अदलाबदल घडली. 'हरिश्चंद्रा'त पुरुष स्त्री झाला होता. मोहिनी म्हणजे विष्णूने घेतलेले स्त्रीरूप, आणि ती भूमिका कमलाबाईंनी केली. या होकारामुळे आधीच्या नकाराचे मोल मात्र कमी होत नाही. होकार देता येतो तो नकार शक्य असतो म्हणूनच. तरीही १९१७च्या 'लंकादहना'त राम आणि सीता या दोन्ही भूमिका साळुंके यांनीच केल्या, यावरून स्त्रियांच्या होकाराची वाट किती अरुंद होती हे ध्यानी येते.

आता पुन्हा त्या हौदाकडे वळावे. वर्गातले हसू १९१३च्या प्रेक्षकाचे होते असे समजण्याचे कारण नाही. त्याच काळात संगीत नाटकाच्या रंगभूमीवर बालगंधर्वांची भामिनी पाहून कोणी हसत नव्हते. स्त्रिया त्यांच्या नेसण्याचे अनुकरण करीत होत्या. पुरुषाच्या देहातून स्त्रीचे लावण्य वाचण्याचा संकेत प्रेक्षकाला पूर्णपणे अवगत होता. फरक पडला तो माध्यमाने. रंगभूमीवर स्वर होता, दिव्यांचे अंतर होते, आणि पदराची लय संकेताला सांभाळून घेत होती. कॅमेऱ्याने स्वर काढून घेतला आणि वस्त्र पाण्यात भिजवले. ओल्या वस्त्राची युक्ती चित्रशिल्पाच्या परंपरेत जुनी आहे. आवरण ठेवून देह दाखवण्याचा तो सर्वमान्य मार्ग. पण येथे आवरणाने जे उघड केले, ते संकेताच्या विरोधात गेले. शृंगाराच्या साऱ्या खुणा जागच्या जागी आहेत: पाणी, सख्या, राजाची चाहूल. केवळ त्या खुणा जिच्याकडे बोट दाखवतात ती तेथे नाही. दृश्य फसले असे म्हणण्यापेक्षा, त्या दृश्याने नकलेची प्रत न काढता नकाराची प्रत काढली, असे म्हणणे अधिक योग्य होईल. ज्या स्त्रिया आल्या नाहीत, त्यांची अनुपस्थिती त्या ओल्या पातळांखाली कायमची मुद्रित झाली.

प्रतिमेच्या समर्थनाचा आणखी एक मराठी अध्याय येथे आठवावा लागतो. १९२७ ते १९५३ या काळात र. धों. कर्वे 'समाजस्वास्थ्य' चालवीत होते. त्याच्या मुखपृष्ठावर नग्न स्त्रीदेहाचे चित्र असे. कर्व्यांनी कुंचल्याच्या खुणांचे आवरण घेतले नाही आणि पुराणाचेही घेतले नाही. देहात लाजण्यासारखे काही नाही, एवढाच त्यांचा युक्तिवाद. साध्या कागदावरच्या स्वस्त ठशात तो युक्तिवाद उघडा पडला. मासिकावर खटले झाले. वाचकांच्या लैंगिक शंकांना दिलेल्या उत्तरांवरून भरलेल्या १९३४च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कर्व्यांची बाजू मांडली, आणि तरीही निकाल विरुद्ध गेला. खटला मुखपृष्ठावरचा नव्हता हे खरे. पण मासिकाच्या बदनामीत त्या मुखपृष्ठाचा वाटा होता हेही तितकेच खरे. भारी कागदावरची एकुलती प्रत कला ठरते, आणि चार आण्यांच्या मासिकातला ठसा अश्लील ठरतो. अभिरुचीच्या नावाखाली येथे बहुधा किमतीचाच निवाडा होत असतो. प्रक्रियेचे गोडवे गाणाऱ्या समीक्षेने हे विसरू नये.

म्हणजे तीन समर्थने समोर येतात: प्रक्रियेचे, पुराणाचे आणि आरोग्याचे. तिन्ही प्रामाणिक असू शकतात. तिन्ही पाहणाऱ्याला मोकळे करतात. दिसणारीला विचारण्याची गरज यांपैकी एकालाही भासत नाही. रोलां बार्त याने १९८०मध्ये छायाचित्रावर लिहिताना शृंगारिक प्रतिमा आणि निव्वळ भोगप्रतिमा यांत असा भेद केला, की पहिली पाहणाऱ्याला चौकटीबाहेर घेऊन जाते. हे सूत्र थोडे पुढे नेता येईल. चौकटीबाहेर काय आहे, एवढा एकच प्रश्न पुरेसा नाही. चौकट कोठे आखावी हे ठरवताना चित्रातील व्यक्तीचा शब्द होता की नाही, हाही प्रश्न शृंगाराच्याच मीमांसेचा भाग होय. तो नीतिशास्त्राकडे ढकलून सौंदर्यमीमांसेला हात झटकता येणार नाहीत, कारण प्रतिमेतील देहाची ढब, त्याचा सैलपणा अथवा अवघडलेपण हे सारे त्या शब्दाच्या असण्यानसण्यावर अवलंबून असते, आणि उत्तम छापा हे सारे जसेच्या तसे दाखवतो.

या प्रश्नाची सर्वांत जुनी मराठी वाट पुन्हा गोदाकाठीच येते. हालाच्या 'गाथासप्तशती'तील एक गाथा आनंदवर्धनाने ध्वनीचे उदाहरण म्हणून घेतली आणि ती साहित्यशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक आहे. फुले वेचायला येणाऱ्या एका धार्मिक गृहस्थाला एक स्त्री सांगते, आता निर्धास्त हिंडा, तुम्हांला छळणारा कुत्रा गोदेच्या काठच्या जाळीत राहणाऱ्या सिंहाने मारला. वाच्यार्थाने निमंत्रण, व्यंग्यार्थाने निषेध. तिची संकेतभेटीची जागा तेथेच आहे, आणि त्याने तिकडे फिरकू नये. शास्त्रकारांनी या गाथेतून व्यंजना शिकवली. त्यांच्या नजरेतून निसटलेली गोष्ट अशी, की येथे शृंगार पूर्ण आहे आणि देह कोठेच दिसत नाही. शिवाय तो दिसू नये याची तजवीज स्वतः ती स्त्रीच करते आहे. चौकट तिने आखली आहे. जाळी चौकटीबाहेर ठेवली आहे, आणि पाहू पाहणाऱ्याला मोठ्या आदराने परत पाठवले आहे.

त्याच नदीच्या काठी, पंचवटीत, इच्छा बोलून दाखवणाऱ्या शूर्पणखेचे नाक कापले गेले, आणि नाशिक हे नाव त्यावरूनच पडले असे लोक सांगतात. एकाच गावाच्या स्मृतीत या दोन्ही स्त्रिया आहेत: एकीची इच्छा शिक्षेस पात्र ठरली, दुसरीने आपली इच्छा जपण्यासाठी भाषा घडवली. १९१८मध्ये फाळक्यांनी नाशिकला हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी उभी केली. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकलाच त्यांचे निधन झाले. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचे स्मारक आहे आणि ते असणे उचितच आहे. ज्या स्त्रियांनी त्यांना नकार दिला त्यांची नावे कोणत्याही श्रेयनामावलीत नाहीत. मराठी चित्रप्रतिमेची पहिली समीक्षा मात्र त्यांनी केली. डायक्रोमेटचा थर धुतला जातो तेव्हा प्रकाश न पोचलेला भाग पाण्याबरोबर निघून जातो, आणि त्या निघून गेलेल्या भागामुळेच आकृतीला कडा येते. हौदातले ते दृश्य पाहून यापुढे कोणी हसले, तर हसू ओसरल्यावर त्या कडेकडे एकदा पाहावे.